मेलं कोण ते आधी ठरवा

दिवाळी अंकासाठी दुकानाबद्दल लिहा, असं संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी विचारलं, "दुकान कसलं ते ठाऊक आहे ना? लोक फराळ करत वाचतात." त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही लिहा हो." म्हणून लिहिते. ज्यांना चकलीबरोबर तिरडी चालत नाही त्यांनी पानं उलटावीत, पुढे पाककृती असतीलच.

मुलुंडला स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे. आमचे हे गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्यावर कोणी रिक्षा घेतली, कोणी वडापावची गाडी टाकली. ह्यांनी हिशेब केला की वडापाव लोक खातील न खातील, मरायचे काही थांबणार नाहीत. सासूबाई म्हणाल्या, मेल्या, दुसरो धंदो गावलो नाय? पण धंदा चालला. हे गेल्यावर मी चालवला, आणि आता गुडघे गेलेत म्हणून सून वैशाली चालवते. मी बाकड्यावर बसून चुका काढते.

धंदा समजायला सोपा आहे. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, बांधायला सुंभ, वर पेंढा. कोरं कापड, मडकं, हार, तुळस, गुलाल, कापूर, गोवऱ्या. गुजराती लोक तिरडीला चार नारळ बांधतात. बौद्धांकडे मडकं नको असतं, पांढरं कापड आणि मेणबत्त्या द्यायच्या. गिऱ्हाईक दारात आलं की नाव काय आणि कुठून आलात एवढं विचारलं तरी काय काय लागणार ते कळतं. भाव कोणी करत नाही. "या हं परत" असं आपणही म्हणायचं नाही. वैशाली नवीन होती तेव्हा सवयीने एकाला म्हणाली होती. तो माणूस अजून रस्त्याच्या पलीकडून जातो.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे गेलेली तिरडी दुकान परत घेत नाही. का, ते विचारू नका. मी देव फारसा मानत नाही, भुताखेतांना तर अजिबात नाही, पण हा नियम मानते. एकदा गोरेगावच्या स्टुडिओतून एक पोरगा शूटिंगसाठी तिरडी न्यायला आला. म्हणाला, "मावशी, भाड्याने पाहिजे. खाली फोम लावून द्या, सरांची कंबर दुखते." मी म्हटलं, "आजवर एकाही गिऱ्हाइकाने कंबरेची तक्रार केलेली नाही." फोम लावून दिला. संध्याकाळी टेम्पोतून परत घेऊन आला. मी घेतली नाही. तो मुलुंडभर तिरडी घेऊन फिरला. शेवटी कुठल्यातरी केळीवाल्याला मांडवासाठी बांबू देऊन मोकळा झाला म्हणे.

दुसरे एक पेन्शनर काका होते. स्वतःसाठी कापड पसंत करायला आले. हे नको, हे टोचेल, ते जास्त पांढरं आहे. अर्धी सकाळ गेली. शेवटी म्हणाले, "घरी विचारून येतो." अजून आलेले नाहीत. बाजारात भेटतात, चांगले ठणठणीत आहेत.

पण मला सांगायची ती गोष्ट वेगळीच. इतक्या वर्षांत एकदाच असं झालं की गिऱ्हाईक दुकानात आलं, सामान मागितलं, आणि मेलं कोण हेच ठरलेलं नव्हतं.

एका दुपारी पाचसहा पोरं आली. पुढे प्रज्ञा. ती इथल्याच एका छोट्या कारखान्यात हिशेबाचं काम बघते, तिच्या आजोबांच्या वेळचं सामान आमच्याकडूनच गेलं होतं. तिच्यामागे तुषार, वकिलीचा अभ्यास करणारा. हा पोरगा श्वास घ्यायला थांबत नाही. बाकीचे तीनचार जण शर्टावर लाल बिल्ले लावलेले. ही सगळी डाव्या विचारांच्या तरुणांची संघटना.

"मावशी, एक तिरडी पाहिजे," प्रज्ञा म्हणाली.

"कोण गेलं गं?"

"लोकशाही," तुषार म्हणाला.

"मी म्हटलेलं नाही हे," प्रज्ञा त्याला म्हणाली. "आपलं ठरलंय कुठे अजून?"

मागचा एक म्हणाला, "लोकशाही मेली म्हटलं तर आपण हरलो असं होतं."

"मग संघटना मेली म्हणायचं?"

"संघटना जिवंत आहे. म्हणून तर बंदी घातली ना तिच्यावर."

"अरे पण तिकडची लोकशाही भांडवली आहे. ती मेल्याचं आपण दुःख कशाला करायचं?"

ते माझ्या दुकानात उभे राहून भांडायला लागले. तेवढ्यात खरं गिऱ्हाईक आलं, डोळे पुसत उभं राहिलं, ह्यांचं ऐकून डोळे पुसायचं थांबलं. मी सगळ्यांना आत ओढलं, चहा सांगितला आणि म्हटलं, "पहिलं मेलं कोण ते ठरवा. मग तिरडी बघू. आणि आधी मला सांगा, झालंय काय."

प्रज्ञाने सांगितलं. लांब एक थंड देश आहे. नाव तिने मला तीनदा सांगितलं, मी तीनदा विसरले. तिथे ह्यांच्यासारखीच कम्युनिस्ट तरुणांची संघटना आहे. तिथल्या सरकारने तिच्यावर बंदी घातली, कारण त्यांच्या जाहीरनाम्यात लिहिलं होतं की कारखाने सगळ्यांच्या मालकीचे असावेत.

"एवढंच?" मी म्हटलं. "हे आमच्या चाळीच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं. खाली लोक पानाच्या पिचकाऱ्या मारायचे. कोणाला काही झालं नाही. कारखाने मात्र बंद पडले, ते वेगळ्याच कारणाने."

"तिकडे झालंय ना मावशी. हाना आहे ना, हाना, तिच्यावर केस आहे."

हाना म्हणजे तिथल्या संघटनेची सेक्रेटरी. तरुणांच्या कसल्याशा संमेलनाला मुंबईत आली होती, तेव्हा प्रज्ञाच्या घरी राहिली होती. प्रज्ञाच्या आईने केलेलं सुकट खाऊन ढसाढसा रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं. बंदीनंतरही तिने सभा घेतली, म्हणून तिला पकडलं. परवा सकाळी तिकडच्या कोर्टात तिची सुनावणी. शिक्षा झाली तर तुरुंग. तिचा वकील म्हणाला होता की दुसऱ्या देशांतून आवाज उठला, फोटो आले, तर न्यायाधीशाला दाखवता येतं की सगळं जग बघतंय. म्हणून अथेन्समध्ये पोरं रस्त्यावर उभी राहिली, काठमांडूत उभी राहिली, आणि मुंबईतून अजून एकही फोटो गेलेला नव्हता.

"का नाही गेला?"

"परवानगी नाही," तुषार म्हणाला. "इथे जमावबंदी लावलीय. निदर्शनं करायची तर आझाद मैदानात जा म्हणतात. तिथे आज जागा नाही, आणि असली तरी तिथे कावळ्यांशिवाय बघतंय कोण? त्या देशाच्या कॉन्सुलेटसमोर गेलो, तर हातातला कागद उघडायच्या आत गाडीत बसवलं."

मी सहज म्हटलं, "माझ्या दुकानातून रोज मिरवणूक निघते. कधी कोणी परवानगी विचारली नाही. उलट गाड्या थांबवतात."

मी नुसतं बोलले. पण प्रज्ञा माझ्याकडे अशी बघायला लागली की मी चहाचा कप खाली ठेवला. तिरडी त्यांना चौकात नुसती भाषणापुरती ठेवायची होती. मिरवणूक काढायची, तीही स्मशानाच्या रस्त्याने, आणि चौकात पोचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हे तिला तिथे बसल्या बसल्या सुचलं.

"मग मेलं कोण?" मी पुन्हा विचारलं. "रिकामी तिरडी मी बांधत नाही."

"बंदी," प्रज्ञा म्हणाली. "बंदी मेली. तिची प्रेतयात्रा."

ह्यावर तुषारला दहा मिनिटं बोलायचं होतं, पण बाकीच्यांनी हात वर करून ठराव मंजूर केला. मग त्याने मडक्याला हरकत घेतली. मडकं म्हणजे कर्मकांड, आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालतो असं होईल.

"आणि तिरडी काय विज्ञान आहे?" प्रज्ञा म्हणाली.

मडकं रद्द झालं. बंदी दिसायला कशी असते हाही प्रश्न निघाला. एकाच्या गणपतीच्या मंडळात थर्माकोलचं भलंमोठं कुलूप पडलं होतं, गेल्या वर्षीच्या देखाव्यातलं. ठरलं, पेंढ्याचं धड करायचं आणि डोक्याच्या जागी कुलूप. पण चौकापर्यंत ते दिसू द्यायचं नाही. कापडाने झाकायचं आणि वर झेंडूचे हार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिरडी बांधली. वैशाली म्हणाली, "आई, पेंढ्याच्या माणसाला एवढी घट्ट कशाला?" मी म्हटलं, माल तो माल. वरून कापड घातलं, हार घातले, आणि खरं सांगते, कुलपाला नाक नव्हतं एवढंच. बाकी झकास.

तिरडी निघाली. चार पोरं खाली, प्रज्ञा पुढे, तुषार उलटा चालत मोबाइलवर फोटो काढतोय. लाल बॅनर गुंडाळून एकाच्या काखेत, वरून पांढरा पंचा. मी दुकान वैशालीवर सोपवून मागून चालत निघाले, माल कसा जातो ते बघायला.

आता मुलुंडच्या लोकांची एक सवय मी हिशेबात धरायला हवी होती. तिरडी दिसली की लोक थांबतात, आणि थोडे थोडे मागे चालायला लागतात. भाजी घ्यायला निघालेले दोन म्हातारे सामील झाले. एक बाई पदर डोक्यावर घेऊन आली आणि मला विचारलं, "कोण होतं?"

माझ्या तोंडून निघालं, "परदेशातलं आहे."

"अगं बाई. विमानाने आणलं असेल." आणि ती रडायला लागली. तिचा दीर दुबईला होता, त्याची आठवण आली म्हणे. तिचं बघून दुसरी रडली. एका रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली, खाली उतरला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. बस थांबली. शाळेच्या गाडीतल्या बाईंनी मुलांना गप्प बसवलं. त्या थंड देशातल्या सरकारी हुकुमाला मुलुंडमध्ये एवढा मान मिळेल असं त्या सरकारलाही वाटलं नसतं.

नाक्यावर हवालदार जाधव उभे होते. जाधवांना आम्ही सगळे दुकानदार ओळखतो. त्यांचा एक नेम आहे. नाक्यावरून तिरडी जात असली की टोपी काढायची, काखेत धरायची आणि चार पावलं खांदा द्यायचा. गरिबाची असो, श्रीमंताची असो. मी मागे होते, माझे गुडघे असे. मी ओरडायला जाईपर्यंत जाधवांनी पुढचा उजवा बांबू खांद्यावर घेतलाही होता. ज्याचा खांदा होता तो पोरगा बाजूला झाला. काय बोलणार बिचारा?

जाधवांनी चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला चौक आला. चौकात प्रज्ञाने हात वर केला, बाजूला झालेल्या पोराने काखेतला बॅनर उघडला आणि सगळे एका आवाजात ओरडले, "तरुणांवरची बंदी, रद्द करा."

रडणाऱ्या बाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. जाधव तिरडीच्या खाली, मागे लाल बॅनर, त्यावर मुठी आवळलेले हात. तुषारने तेवढ्यात फोटो काढला. कोपऱ्यावरच्या जीपमधून साहेब धावत आले.

"जाधव, सोडा ते."

"साहेब, सोडलं तर पडेल."

"पडू दे."

"साहेब, तिरडी आहे," जाधव म्हणाले. त्यांनी तोवर खांदा बदललाही होता.

त्यानंतर जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी हसत होते. पोलिसांनी बॅनर ओढला. प्रज्ञाला आणि चारही पोरांना गाडीत बसवलं. तुषार म्हणाला, "मी नुसता बघतोय," आणि बघता बघता सटकला. लोकांपैकी निम्मे टाळ्या वाजवत होते, निम्मे चिडले होते. तो रिक्षावाला प्रज्ञाच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "मी धंद्याच्या टायमाला रिक्षा बंद करून नमस्कार केलाय. माझा नमस्कार परत द्या." प्रज्ञाने आतून हात जोडून परत दिला. तरी तो हलेना.

मग राहिली तिरडी. साहेब म्हणाले, जप्त करा, गाडीत टाका. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ह्या गाडीत मी रोज बसतो." ठाण्यात न्यायची तर ठाण्यात ठेवायची कुठे, आणि तिच्याशेजारी ड्यूटी कोण करणार, ह्यावर पोलिसांत कुजबुज झाली. साहेबांनी मला बघितलं. "मावशी, तुमच्याकडची ना? घेऊन जा."

"गेलेली तिरडी आम्ही परत घेत नाही."

"का?"

"तुम्ही घ्या मग."

त्यांनी घेतली नाही. शेवटी बसथांब्याच्या मागच्या भिंतीला ती टेकवून ठेवली. त्या दिवशी त्या थांब्यावर कोणी उभं राहिलं नाही. बसही थांबत नव्हती.

उन्हं उतरायला लागली तशी पोरं सुटून आली. समज देऊन सोडलं होतं. चौघांना त्यांचे आईबाप परस्पर घरी घेऊन गेले, एकाला कानाला धरून. प्रज्ञा आणि तुषार दुकानात आले. तुषारने मोबाइल समोर धरला आणि आपण चंद्रावर जाऊन आलोय अशा तोंडाने माझ्याकडे बघितलं.

फोटो खरंच नामी होता. तिरडी, मागे बॅनर, घोषणा देणारी तोंडं, आणि मधोमध टोपी काखेत धरून गणवेशातले जाधव, तोंड गंभीर. घरचंच कोणी गेल्यासारखं.

"हा गेला की जगभर जाईल," तुषार म्हणाला. "मुंबईचा पोलीस बंदीची तिरडी वाहतोय. अथेन्सवाले काय घेऊन बसलेत?"

"बाकीचे फोटो?"

"बाकीच्यांत नुसती मयत दिसते. बॅनर उघडला आणि ओढला, मधला एवढा एकच मिळाला."

प्रज्ञा फोटोकडे बघत बसली. तेवढ्यात दारात जाधव उभे. साधा शर्ट घातलेला, चप्पल घातलेली. गणवेशाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं, माणूस निम्मा झाला होता.

"फोटो कोणी काढला?" त्यांनी विचारलं.

"मी," तुषार म्हणाला. "काका, तुम्ही हिरो झालात. तिकडची पोरं तुमचं नाव घेतील."

"घेऊ नका रे बाबांनो. पेन्शनला थोडंच राहिलंय. साहेब म्हणाले, प्रत्यक्ष झालं ते झालं, मी बघितलं नाही. पण फोटो कुठे आला तर मला बघावा लागेल."

"पण तुम्ही बंदीच्या विरोधात..."

"मी कशाच्याच विरोधात नाही. मी मयतीला खांदा दिला. कोणाची आहे ते मी कधी विचारत नाही."

तुषारने त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. तिकडे एक मुलगी तुरुंगात जाणार आहे, इथे फार तर बदली होईल. जाधव म्हणाले, बदली नाही, निलंबन. तुषार म्हणाला, तोंडावर फुलाचं चित्र लावू. लावून बघितलं. गणवेशावर झेंडूचं डोकं असलेला पोलीस दिसायला लागला, तो तर आणखीच फिरला असता जगभर. म्हणाला, कापू. कापलं तर पुढून तिरडी हवेत.

मी बाकड्यावरून बघत होते. मला जे वाटत होतं ते मी बोलणारच होते, पण प्रज्ञाने तुषारच्या हातातून मोबाइल घेतला, अंगठ्याने दोनदा दाबलं आणि परत दिला.

"काय केलंस?" तुषार म्हणाला.

"उडवला."

"वेडी आहेस का यार? उद्या सकाळी कोर्ट आहे. हाना तुझ्या घरी राहिलीय, माझ्या नाही."

"म्हणूनच. तिला पकडलं कशावरून ठाऊक आहे ना? सभेचा एक फोटो कोणीतरी टाकला, त्यात ती दिसली. आता मी तेच काकांना करू?"

तुषारने मोबाइल खिशात टाकला. जाधव म्हणाले, "पोरी, चहा पिशील का?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दुकान माझं आहे.

चहा पीत चौघेही रस्त्याकडे बघत बसलो. प्रज्ञाचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. मला बसून राहायचा कंटाळा आला.

"तिरडी कुठाय?" मी विचारलं.

"तिथेच. भिंतीला."

"उजेड आहे अजून. पुन्हा उचला. बॅनर?"

"पोलिसांनी नेला."

मी वैशालीला कापड काढायला सांगितलं, कोरं, पांढरं. तुषारने गुलाल पाण्यात कालवला आणि बोटांनी बॅनर लिहिला. अक्षरं वाकडीतिकडी आली पण लाल आली.

"पण खांदे चार लागतात," तुषार म्हणाला. "मी आणि प्रज्ञा, दोनच."

"मी एक," मी म्हटलं.

"आई, तुमचे गुडघे," वैशाली म्हणाली.

"गुडघ्यांनी खांदा देत नाहीत."

इथे एक सांगायला हवं. हे गेले तेव्हा त्यांची तिरडी मीच बांधली होती. बांधू दिली, कारण धंदा माझा. उचलायची वेळ आली तेव्हा दीर म्हणाले, वहिनी, तुम्ही जिन्यात थांबा. मी जिन्यात थांबले. आता मुली खांदा देतात, कोणी काही बोलत नाही, प्रज्ञाकडे, म्हणजे बौद्धांत, बायका तर केव्हापासून स्मशानात जातात. तेव्हा आमच्यात नव्हतं. मी काही त्यावर रडत बसलेली नाही. पण हजारो तिरड्या बांधल्या आणि एकही उचललेली नाही, म्हणजे आयुष्यभर भाकऱ्या थापून एकही खाल्ली नाही, तसं.

बसथांब्यापाशी गेलो तर चौथा खांदा तिथेच उभा होता. तो रिक्षावाला. तिरडीजवळ कोणी फिरकत नाही म्हणून त्याला रिक्षा लावायला छान जागा मिळाली होती.

"तुमचा नमस्कार आम्हाला अजून परत करायचाय," प्रज्ञा त्याला म्हणाली. "दोन मिनिटं खांदा द्या, वसूल होईल."

"आत कोण आहे ते आधी सांग."

प्रज्ञाने कापड बाजूला केलं. कुलूप बघून तो इतका हसला की रिक्षाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "पोरीला सोडवायचंय होय? आधी नाही का सांगायचं?" आणि पुढचा डावा बांबू धरला. त्याच्या शेजारी पुढे उजवीकडे मी. जिथे सकाळी जाधव होते तिथे. मागे प्रज्ञा आणि तुषार, बॅनर दोन्ही बांबूंना समोरून बांधलेला, कापड मागे सारलेलं, म्हणजे कुलूप स्वच्छ दिसत होतं.

"पण फोटो कोण काढणार?" तुषार म्हणाला. वैशालीला दुकान सोडता येत नव्हतं.

जाधव आमच्यामागून चालत आले होते. त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. आणि चौघंच राहा हं. पाचवा आला की जमाव होतो, मग मला बघावं लागेल."

"आणि काका, तुम्ही पाचवे नाही?"

"मी ड्यूटीवर नाही. आणि मी बाजूला उभा आहे."

उचललं. जड होती. बांबू चांगला होता, मीच दिलेला, ओला आणि सरळ. खांद्यावर बसला तेव्हा पहिल्यांदा कळलं की सुंभाची गाठ नेमकी जिथे मी मारते तिथे ती खांदेकऱ्याला टोचते. चाळीस वर्षं लोक माझी गाठ सहन करत होते, आणि तक्रार कोणी करायची?

"मावशी, हसू नका," जाधव मोबाइल धरून म्हणाले. "मयत आहे."

हे ऐकून रिक्षावाला फुटला. त्याचं बघून मी. जाधवांनी तीनदा फोटो काढला आणि तिन्हीत आम्ही दोघं हसतोय. तुषार म्हणाला, गंभीर विषय आहे. प्रज्ञा म्हणाली, बंदी मेल्यावर हसायचं नाही तर काय करायचं? तोच फोटो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा कारखान्यातून सरळ दुकानात आली. कोर्टात काय झालं ते तिच्या तोंडावरून कळेना.

"सुटली?"

"तारीख पडली."

हे ऐकल्यावर तो देश मला पहिल्यांदाच ओळखीचा वाटला.

पुढे हाना सुटली. तुरुंग झाला नाही. आमच्या फोटोमुळे, असं मी म्हणत नाही. वकिलाने सगळे फोटो दाखवले, त्यात आमचाही होता, आणि न्यायाधीशांनी आमचा फोटो बघून चष्मा काढला आणि पुन्हा लावला म्हणे, एवढंच हानाने कळवलं. बंदीविरुद्धच्या दाव्याचं मात्र कोर्टात अजून भिजत घोंगडं आहे. पेंढा गाईंना गेला, कुलूप मंडळात परत गेलं. दोन बांबू रिक्षावाल्याने चाळीच्या गणपतीच्या मांडवाला नेले. मी विचारलं, तिरडीचे चालतात का? म्हणाला, "त्यात मेलंय कुठे कोण?"

मग मागच्या महिन्यात प्रज्ञाच्या मोबाइलवर एक फोटो आला. त्या थंड देशातल्या कोर्टाची पायरी, सगळीकडे बर्फ, आणि ती पोरं तिरडी घेऊन उभी. बांबू तिकडे कुठला मिळायला? बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या असतात ना, त्या दोन बाजूंना लावल्या होत्या. वर पांढरं कापड, कापडावर कुलूप. मागे हाना. आणि पुढे उजवीकडे, मी होते त्याच जागी, लोकरीची टोपी घातलेली एक जाडजूड म्हातारी, दात दाखवून हसतेय.

"ही हानाची आजी," प्रज्ञा म्हणाली. "तुमचा फोटो बघून म्हणाली, मुंबईतली ती बाई उचलते तर मी का नाही? आता दर तारखेला येते. तुम्हाला विचारलंय तिने, खांदा किती वेळाने बदलायचा? तिचा दुखतोय."

मी चष्मा लावून फोटो नीट बघितला. आडव्या पट्ट्या कमी होत्या. बांधायला नायलॉनची दोरी, आणि गाठी अशा की नाड्या बांधल्यासारख्या. पहिल्याच वळणावर बंदी रस्त्यात पडली असती.

"तिला सांग," मी म्हटलं, "दुखायच्या आधी बदलायचा. आणि गाठ खांद्यापासून वीतभर पुढे मार म्हणावं, मला ते उशिरा कळलं. नायलॉन वापरू नकोस, सरकतो. सुंभ मी पाठवते."

वैशाली गल्ल्यावरून म्हणाली, "आई, तिकडे पार्सल पाठवायला किती लागतात ठाऊक आहे?"

मी सुंभाचं भेंडोळं काढलं आणि वजन करायला ठेवलं.